फर, लोकर आणि पाताळगंगेचा धागा

दिवाळी उलटून भातकापणी आटोपली की घाटावरची मेंढरं रायगडात उतरू लागतात. पेण, वडखळ, नागोठणे, अलिबाग या पट्ट्यात ती एकदा रस्त्यावर आली की वाहतूक थांबते आणि हॉर्न वाजवून काही उपयोग होत नाही. पुढे खांद्यावर घोंगडी टाकलेला मेंढपाळ, दोन्ही अंगांना कुत्री, मागून घोड्यांच्या पाठीवर लादलेला संसार: तवा-परात, वाघरीची जाळी, पाय बांधलेल्या कोंबड्या. खोळंबलेल्या वाहनांत न्हावा-शेव्याच्या बंदराकडे निघालेले कंटेनर असतात, कारखान्यांतून निघालेले प्लॅस्टिकच्या दाण्यांचे ट्रक असतात आणि शनिवार-रविवार गाठून अलिबागला चाललेल्या मुंबईकरांच्या गाड्याही असतात.

फॅशनमधल्या फरचा विषय मराठी वाचकापुढे मांडायचा तर पॅरिस-मिलानपेक्षा हा रस्ता सोयीचा. जनावराच्या अंगावर वाढलेला केस, खनिज तेलापासून काढलेला धागा आणि जगभरचा माल आत-बाहेर करणारं बंदर, तिन्ही इथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. फरच्या वादात नेमके हेच तीन पक्ष असतात. फक्त युरोपात ते वेगवेगळ्या देशांत विखुरलेले आहेत, आणि तिथल्या चर्चेत मेंढपाळाला सहसा खुर्ची मिळत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर फर कुणी घालत नाही हे उघड आहे. पौष-माघातली पहाटसुद्धा इथे एका शालीत निभते. तरी फरच्या जागतिक व्यापारावर भारतानं घातलेलं एक बंधन या जिल्ह्याच्या किनाऱ्याशीही जोडलेलं आहे. उरण तालुक्यातलं न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर 1989 मध्ये सुरू झालं आणि बघता बघता देशातल्या कंटेनर वाहतुकीचा मोठा भाग तिथे वळला. जानेवारी 2017 मध्ये केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयानं मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरच्या कातड्यांची, तसंच मगर-सुसरीसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातड्यांची आयात बंद केली. इतर बंदरांप्रमाणे न्हावा-शेव्याच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यालाही तेव्हापासून हा माल आत सोडता येत नाही. त्या निर्णयाची इथल्या वर्तमानपत्रांत फारशी चर्चा झाली नाही. ज्या वस्तूचं गिऱ्हाईक आपल्या गल्लीत नाही, तिच्यावरच्या बंदीला विरोध कोण करणार?

मिंक म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते, कारण हा प्राणी आपल्याकडे नाही. मुंगसाच्या अंगलटीचा, लांबोडका, पाण्यात पोहून मासे-बेडूक पकडणारा हा उत्तर अमेरिकेतला मांसाहारी जीव. स्वभावानं एकलकोंडा, ओढ्याकाठचा आपला टापू राखून राहणारा. युरोपातल्या फर-पालनात त्याला सुमारे दोन हात लांब आणि फूटभर रुंद अशा तारेच्या पिंजऱ्यात ठेवतात. तळही जाळीचाच, म्हणजे विष्ठा खाली पडून जाते. पिल्लं एप्रिल-मेमध्ये जन्मतात आणि थंडीची दाट लव अंगावर चढली की नोव्हेंबरच्या सुमारास मारली जातात. कातडीला भोक पडू नये म्हणून मारण्याच्या पद्धतीही वेगळ्या: मिंकला विषारी वायूच्या पेटीत, कोल्ह्याला विजेच्या धक्क्यानं. एका लांब कोटाला पन्नास-साठ मिंक लागतात.

या धंद्याचा सगळ्यात मोठा देश होता डेन्मार्क. 2020 मध्ये तिथल्या मिंकमध्ये कोरोनाचा विषाणू पसरला, त्यात बदल झाला आणि तो माणसांत परतला. नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान मेटे फ्रेडरिकसन यांनी देशातले सगळे मिंक मारण्याचा हुकूम दिला. दीड कोटीच्या वर जनावरं. निरोगी कळपही मारण्याइतका कायदेशीर अधिकार सरकारकडे नव्हता हे नंतर उघड झालं आणि कृषिमंत्र्यांना पद सोडावं लागलं. घाईनं उथळ खड्ड्यांत पुरलेली कलेवरं कुजताना वायूनं फुगली आणि वाळूतून वर आली. ती छायाचित्रं जगभर गेली. पुढच्या वर्षी ती कलेवरं उकरून जाळावी लागली. अनेक दशकं फरचे लिलाव करणाऱ्या कोपनहेगन फर या संस्थेनं नोव्हेंबर 2020 मध्येच कारभार गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

फरविरोधी चळवळीला पन्नास वर्षांच्या निदर्शनांतून जे जमलं नव्हतं, ते एका विषाणूनं महिन्याभरात केलं, असं म्हणण्याचा मोह होतो. ते पूर्ण खरं नाही. ब्रिटननं फर-पालनावर बंदी आणणारा कायदा 2000 मध्येच केला होता. गुच्चीनं 2017 मध्ये आणि प्राडानं 2019 मध्ये फर सोडल्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियानं 2019 मध्ये विक्रीवर बंदीचा कायदा केला, तो 2023 पासून लागू झाला. इस्रायलनं 2021 मध्ये फॅशनसाठीच्या फरची विक्री देशभर बंद केली. असं करणारा तो पहिला देश. कॅनडातल्या थंडीत राहणाऱ्या मराठी घरांना ठाऊक असलेल्या कॅनडा गूज या कंपनीनं आपल्या जॅकेटच्या टोपीवरची कायोटीची फर 2022 अखेर थांबवायचं ठरवलं. म्हणजे इमारत आधीच कलली होती.

फर-उद्योगाचं म्हणणंही ऐकायला हवं, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. फरचा कोट तीस-चाळीस वर्षं टिकतो, आजीचा नातीला होतो, शिवाय तो निसर्गातून आलेला आहे, तेलातून नाही, असं या उद्योगातले लोक सांगतात. टिकाऊपणाचा मुद्दा मान्य. निसर्गाचा मुद्दा मात्र हिशेबाला बसला की डळमळतो. नेदरलँड्समधल्या सीई डेल्फ्ट या संस्थेनं 2011 मध्ये मिंकच्या फरचा उत्पादनापासूनचा हिशेब मांडला. एक किलो फरसाठी 11 हून जास्त मिंक आणि 563 किलो खाद्य लागतं. हे खाद्य म्हणजे मासळी आणि कत्तलखान्यातले अवशेष. पाळायला मांसाहारी प्राणी निवडला की हिशेब असाच फुगणार. त्यावर कातडं टिकावं म्हणून रासायनिक प्रक्रिया करायची, म्हणजे मातीत विरघळण्याचा गुणही बराचसा गेला. कापूस, पॉलिएस्टर, लोकर या सगळ्यांपेक्षा फरचा पर्यावरणावरचा भार जास्त, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

तेव्हा पिंजऱ्यातल्या मिंकची बाजू घेता येत नाही. पण विषय इथे संपत नाही, इथून सुरू होतो.

आपल्याकडे फर आली ती थंडीसाठी नाही, दिमाखासाठी. मुरूड आणि रोह्याच्या हद्दीतलं फणसाडचं जंगल हे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं राखीव शिकारक्षेत्र होतं. संस्थानिकांच्या दिवाणखान्यात वाघ-बिबळ्याचं कातडं भिंतीवर नसेल तर दिवाणखाना कसला! त्या काळी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात देशभरातली शिकार पेंढा भरायला जाई. स्वातंत्र्यानंतर हाच दिमाख परदेशी गिऱ्हाइकांच्या अंगावर गेला. 1962 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी बिबळ्याच्या कातड्याचा कोट घालून दिसल्या आणि तशा कोटांची मागणी उसळली. तो कोट घडवणारे ओलेग कॅसिनी यांना पुढे त्याचा पश्चात्ताप झाला. भारतात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1986 च्या दुरुस्तीनं संरक्षित प्राण्यांच्या कातड्यांच्या व्यापाराचे उरलेसुरले दरवाजे बंद झाले आणि त्याच वर्षी फणसाडला अभयारण्याचा दर्जा मिळाला. शिकारीच्या जंगलात आता शेकरू पाहायला शाळेच्या सहली येतात.

कायद्यानं दुकानं बंद होतात, हौस बंद होतेच असं नाही. ती बंद कशी होऊ शकते याचं एक उदाहरण तिबेटी समाजानं घालून दिलं. सणासुदीच्या झग्याला वाघाची, बिबळ्याची, पाणमांजराची कातडी लावायची चाल तिबेटात होती आणि त्यातला बराच माल भारतातल्या जंगलांतून चोरून जाई. जानेवारी 2006 मध्ये आंध्रातल्या अमरावतीला कालचक्र सोहळ्यात दलाई लामांनी ही कातडी वापरू नका असं सांगितलं. त्यानंतर तिबेटात लोकांनी आपली महागामोलाची कातडी चव्हाट्यावर जाळली. मुंबई-पुण्यात थंडीच्या दिवसांत पदपथावर स्वेटर विकायला बसणारे तिबेटी विक्रेते याच समाजाचे. त्यांच्याकडचे बहुतेक स्वेटर लुधियानाचे असतात आणि त्यातली बहुतेक ‘लोकर’ अॅक्रिलिक असते, हा भाग वेगळा.

अंगावर न घालताही फर वापरता येते. पेण हे गणपतीच्या मूर्तींचं गाव. जानेवारी-फेब्रुवारीपासून इथल्या कारखान्यांत काम सुरू असतं आणि सगळ्यात नाजूक काम असतं डोळ्यांच्या आखणीचं. पातळ काळा रंग, श्वास रोखलेला कारागीर आणि सुईसारखं टोक येणारा कुंचला. चित्रकारांच्या जगात अशा कुंचल्यांसाठी भारतात वर्षानुवर्षं मुंगसाच्या केसांना मान होता. केस ताठ, टोकाला निमुळता आणि रंग धरून ठेवणारा. एक किलो केसांसाठी सुमारे 50 मुंगसं मारली जातात, असा वन्यजीव क्षेत्रातल्या संस्थांचा अंदाज आहे. 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागानं या व्यापाराविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडली, तिच्यात महाराष्ट्रही होता. 2022 च्या दुरुस्तीनंतर तर मुंगूस कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आलं, म्हणजे वाघाच्या रांगेत. आता नायलॉनच्या केसांचे चांगले कुंचले मिळतात. तरी कला-साहित्याच्या दुकानात ‘हे केस कशाचे’ असं विचारणारं गिऱ्हाईक विरळाच, आणि विचारलं तर दुकानदाराला उत्तर ठाऊक असेलच असंही नाही.

म्हणजे फर सोडायची तर तिच्या जागी येतं काय? नायलॉन, अॅक्रिलिक, पॉलिएस्टर. इथे कथानक पुन्हा रायगडात येतं.

खोपोलीच्या बाजूनं येणारी पाताळगंगा रसायनीवरून खाली उतरून धरमतरच्या खाडीला मिळते. तिच्या काठावर रिलायन्सनं 1982 मध्ये पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू केला. याच परिसरात बॉम्बे डाईंगनंही पॉलिएस्टरच्या कच्च्या मालाचा कारखाना उभारला. तेलापासून मिळवलेली दोन रसायनं एकत्र शिजवून होणारा लगदा वितळवायचा आणि बारीक भोकांच्या चकतीतून दाबून बाहेर काढायचा, सोऱ्यातून शेव पाडावी तसा. फक्त ही शेव केसाहून बारीक असते आणि मिनिटाला हजारो मीटर वेगानं गुंडाळली जाते. 1989 च्या जुलैत, ज्या पावसानं अंबा नदीकाठचं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं, त्याच पावसात पाताळगंगेचा कारखानाही पाण्याखाली गेला होता. पुढे नागोठण्याला प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाचं मोठं संकुल उभं राहिलं. अशा रीतीनं एका पिढीत हा जिल्हा भात, मीठ आणि मासळीबरोबर कृत्रिम धाग्याचाही झाला. घराघरांतल्या सावरीच्या कापसाच्या उशा गेल्या आणि रेक्रॉनच्या आल्या. लावणीच्या वेळी डोक्यावरचं इरलं आणि कांबळं जाऊन निळं-पिवळं प्लॅस्टिक आलं. कोळ्यांची सुताची जाळी जाऊन नायलॉनची आली, आणि ती टिकाऊ म्हणून कुणी परत जुन्याकडे वळलं नाही. त्यात नवल काही नाही. भिजल्यावर दुप्पट जड होणारं जाळं ओढणाऱ्याला निसर्गप्रेमाचं व्याख्यान देणं सोपं असतं.

नकली फर ही याच घराण्यातली. तिच्यात अॅक्रिलिक आणि मोडअॅक्रिलिक जास्त, पॉलिएस्टर त्याच्या जोडीला. जनावर वाचतं, हा तिचा मोठा आणि खरा गुण. पण लांब केसांच्या या कापडातून बारीक तंतू गळत राहतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या 2017 च्या अहवालानुसार, सूक्ष्म कणांच्याच रूपात समुद्रात पोचणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे 35 टक्के कृत्रिम कपडे धुताना सुटलेल्या तंतूंतून येतं. भरती-ओहोटीच्या खाड्यांवर जगणाऱ्या किनाऱ्याला हा आकडा दूरचा वाटू नये. त्यात नकली म्हणून घेतलेली फर नकलीच असेल याची खात्री नाही. 2017 च्या सुमारास ब्रिटनमध्ये ‘कृत्रिम’ म्हणून विकलेल्या वस्तूंत खऱ्या प्राण्यांचे केस निघाल्याची प्रकरणं गाजली. पिंजऱ्यातल्या जनावराची फर इतकी स्वस्त झाली होती की तिची नक्कल करणं महाग पडावं! पारख मात्र सोपी आहे. दोन-चार केस चिमट्यात धरून काडी लावायची. प्लॅस्टिक आकसून त्याचा कडक मणी होतो. खरा केस जळका वास सोडतो आणि राख बोटांत चुरते.

एकीकडे पिंजरा, दुसरीकडे प्लॅस्टिक, असा हा पेच जगभरच्या मासिकांत मांडला जातो. रायगडच्या रस्त्यावरची मेंढरं त्या मांडणीत कुठेच बसत नाहीत. त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहायला हवं.

फलटण, माण, खटाव, बारामती या कमी पावसाच्या भागातले धनगर दसरा-दिवाळीनंतर चाऱ्याच्या शोधात निघतात. काही कळप पूर्वेला मराठवाड्याकडे जातात, काही घाट उतरून कोकणात. दोन-चार कुटुंबं मिळून चालतात, त्याला वाडा म्हणतात. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत शेतकरी मेंढरं बसवून घेतो. संध्याकाळी वाघर लावून कळप आत कोंडायचा. रात्रभरात लेंड्या आणि मूत्र थेट शेतात. दुसऱ्या रात्री वाघर शेजारच्या खाचरात सरकवायची. या बसवणुकीचा मोबदला पूर्वी भातात मिळे, आता बहुधा रोखीत. उन्हाळा तापला की वाडे परत फिरतात, कारण कोकणातला पाऊस आणि चिखल या मेंढीला सोसत नाही, तिच्या खुरांत सडका रोग होतो.

ही मेंढी म्हणजे दख्खनी. काळी, काटक, मैलोन्‌मैल चालणारी, वाळल्या पाल्यावर भागवणारी. तिच्या अंगावरची लोकर वर्षाकाठी जेमतेम किलोच्या आत. कातरणी वर्षातून दोनदा होते. आधी ओढ्यावर नेऊन मेंढरं धुवायची, वाळली की पाय धरून आडवी पाडायची आणि लांब पात्याच्या कातरीनं लोकर उतरवायची. सराईत हाताखाली मेंढी फारशी तडफडत नाही. उठते, अंग झटकते आणि हलकी होऊन कळपात शिरते. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती सगळ्यांत मऊ, म्हणून तिच्या घोंगडीला भाव जास्त.

लोकर पिंजून धनगरांच्या बायका सूत काततात आणि सणगर ते खड्डा मागावर विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून, कुंच्यानं झाडून, उन्हात ताणून ताठ करतात. रंग लावायचा नसतो. मेंढीचा काळा, करडा, पांढरा हेच घोंगडीचे रंग. नवी घोंगडी अंगाला टोचते याचं कारण तंतूच्या जाडीत आहे. मेरिनोचा तंतू 20 मायक्रॉनच्या आसपास असतो, दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड. आणि साधारण 30 मायक्रॉनच्या पुढचा तंतू माणसाच्या कातडीला बोचू लागतो. पण हीच जाड लोकर पावसाचं पाणी बराच वेळ वरच्या वर थोपवते, ओली झाली तरी ऊब सोडत नाही आणि सहजासहजी पेट घेत नाही. लष्करही एकेकाळी अशा कांबळ्यांचं गिऱ्हाईक होतं.

आज या लोकरीला कुणी विचारत नाही. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा तिच्या विक्रीतून सुटत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर माळावरच टाकून दिली जाते. कातरावं तर लागतंच, नाहीतर उन्हाळ्यात मेंढीला उष्मा आणि गोचिडी. उत्तर म्हणून पशुपालकानं लोकर जवळजवळ नसलेल्या, मांसाला भरणाऱ्या माडग्याळ जातीचे नर कळपात घातले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. तीही अर्थात कोकरांची संख्या वाढावी म्हणून, लोकर वाढावी म्हणून नव्हे. त्यात शास्त्रज्ञांची चूक काही नाही. मेंढपाळाला पैसा देते ती कोकरं. लोकर नुसता खर्च आहे.

दुसरीकडे सूट आणि शालींसाठी भारत तलम लोकर मुख्यतः ऑस्ट्रेलियातून मागवतो. तिथल्या मेरिनोच्या शेपटीखालची कातडी, माशीनं अंडी घालू नयेत म्हणून, कातरीनं काढून टाकण्याची रीत आहे. तिला म्यूलसिंग म्हणतात. न्यूझीलंडनं ती 2018 मध्ये बंद केली, ऑस्ट्रेलियात ती अजून चालते. मेंढीच्या नावाखालीही फर असते, हेही विसरता येत नाही. ‘जिना टोपी’ म्हणून ओळखली जाणारी कराकुली टोपी होते ती जन्मून एक-दोन दिवसांच्या कोकराच्या कातडीची, कारण त्यानंतर केसांची ती कुरळी नक्षी मोडते. शाहतूशच्या शालीसाठी तिबेटच्या पठारावरचं चिरू हरिण मारावंच लागतं. मेंढपाळाची कातरी आणि यांतलं अंतर ‘नैसर्गिक’ या चिठ्ठीवर वाचता येत नाही.

दख्खनी मेंढीचं चित्र सोवळं करून मांडण्यातही अर्थ नाही. नर कोकरं काही महिन्यांत खाटकाकडे जातात, म्हातारी मेंढीही तिथेच जाते. कळपाला वाहनं उडवतात, लांडगा-बिबळ्या उचलतात, वनखात्याच्या हद्दीत शिरलं की दंड बसतो, आणि वाड्यावरच्या पोरांची शाळा गावोगाव सुटत जाते. तरीही ती मेंढी तिच्या आयुष्याचे सगळे दिवस उघड्यावर, आपल्या कळपात, पायांनी चालत काढते. पिंजऱ्यातल्या मिंकला यातला एकही दिवस मिळत नाही. कुठला धागा नीतीचा, हे ठरवताना प्राणी मेला की नाही एवढंच पाहणाऱ्यांनी तो जगला कसा हेही पाहावं, असं या लेखनामागचं मत आहे. ते पटेलच असं नाही. मांसाशी जोडलेली कुठलीच लोकर नको म्हणणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं खोडणं सोपं नाही.

आपल्या घरांतली जुनी रीत पाहिली तर प्राण्यांच्या धाग्याबाबत मराठी माणूस कधीच फार कडक नव्हता. सोवळ्याला सुती चाले, पण ते धुऊन कुणाचा स्पर्श न होता वाळवलेलं हवं. रेशमी मुकट्याला किंवा लोकरीच्या धाबळीला मात्र ही अट नसे. रेशमासाठी कोश उकळत्या पाण्यात टाकतात, आत किडा असतो, हे माहीत असूनही त्या वस्त्रावर देवपूजा झाली. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोशापासून ‘अहिंसा रेशीम’ काढून दाखवलं. ते अजून पैठणीच्या दुकानात सहज मिळत नाही. चामड्याचा हिशेब तर याहून गुंतागुंतीचा. 2015 मध्ये महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली आणि कोल्हापुरी चपलेच्या कारागिरांपुढे कातड्याचा प्रश्न उभा राहिला. 2019 मध्ये चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. जून 2025 मध्ये प्राडानं मिलानच्या मंचावर तशाच घाटाच्या चपला नावगाव न सांगता मिरवल्या आणि महाराष्ट्रात संताप उसळल्यावर मूळ मान्य केलं. मिंक सोडून दिल्याचं भूषण मिरवणारी हीच कंपनी. फर गेली तरी कातडं राहिलं, आणि ते कुणाच्या हातचं हा प्रश्नही.

टाकून दिलेल्या लोकरीचं काही करता येईल का, यावर काम करणारे लोक आहेत. सेंटर फॉर पॅस्टोरलिझम ही संस्था देशी लोकरीचा व्यापार पुन्हा उभा करण्याच्या खटपटीत आहे. सुरेश एरियत यांनी याच विषयावर लोकरीच्याच बाहुल्या करून ‘देसी ऊन’ हा लघुपट बनवला. 2025 मध्ये फ्रान्समधल्या आनेसी महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. घोंगडीला शहरात योगासनांची बैठक, सतरंजी, पिशवी अशी नवी रूपं मिळत आहेत. जाड लोकरीचा नमदा करून छत-भिंतींना ऊन-आवाज अडवणारा थर देता येतो. प्लॅस्टिकच्या फोमची जागा ती घेऊ शकते. पण चार शहरी दुकानांत महाग विकली जाणारी पिशवी आणि माळावर पडलेली हजारो कळपांची लोकर यांत मोठी दरी आहे. मध्ये धुण्याची, पिंजण्याची, सूत काढण्याची यंत्रणा लागते, आणि ती मोडून पडली आहे. सूत कातणाऱ्या म्हाताऱ्या हातांच्या मागे तरुण हात आलेले नाहीत. पुण्यात मेंढी-शेळीपालनासाठी अहिल्यादेवींच्या नावाचं सरकारी महामंडळ आहे. त्याचाही भर साहजिकच पैदास आणि मांसावर.

आणि मेंढरं बसवायला खाचरं तरी कुठे उरताहेत? पेण तालुक्यातल्या 22 गावांनी सप्टेंबर 2008 मध्ये महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं आणि बहुसंख्येनं नकार नोंदवला. भातखाचरं तेव्हा वाचली. त्यानंतर जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि उरण, पनवेल, पेण, अलिबागच्या जमिनींचे भाव असे चढले की गेल्या काही वर्षांत कुंपणं आणि सात-बाऱ्यावरची नावं दोन्ही झपाट्यानं बदलली. बंगल्याच्या हिरवळीवर कुणी मेंढरं बसवून घेत नाही. ज्याची शेती उरली आहे त्यालाही युरियाची गोणी दुकानात मिळते आणि तिच्यासाठी वाड्याची वाट पाहावी लागत नाही.

पुढच्या पानांत मिंक, मुंगूस, मेंढी आणि पॉलिएस्टर यांचा स्वतंत्र विचार येईल. पहिल्या दोघांबाबत फार वाद होण्याचं कारण नाही. कायदा आणि लोकमत दोन्ही एका बाजूला झुकले आहेत. वाद होईल तो उरलेल्या दोघांबाबत: स्वस्त, धुवायला सोप्या, गरिबाला परवडणाऱ्या कृत्रिम कपड्याला हात लावण्याचा अधिकार कुणाला, आणि टोचणाऱ्या, जड, महाग घोंगडीसाठी गिऱ्हाइकानं जास्त पैसे का मोजावेत. हे दोन्ही प्रश्न मेंढपाळाला विचारले तर तो बहुधा आधी कातरणावळ किती देता, तेवढं विचारेल.